सहावे अक्षर कोणते? : जीवशास्त्र आणि संगणक, वाचकांचे प्रश्न

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी संगणकाच्या आधारे होणाऱ्या संशोधनाविषयी आणि अध्यापनाविषयी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्या लेखिका स्वतः प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनी म्हणून या क्षेत्रात आल्या आणि आज पदवी व पदव्युत्तर वर्गांना शिकवतात.

प्रश्न : मॅडम, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. उन्हाळी सुट्टीत दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी पुण्यातील एका संशोधन संस्थेत माझी निवड झाली, तेव्हा घरी पेढे वाटले. पांढरा कोट घालून प्रयोग करायला मिळतील, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मला एक टेबल, एक संगणक आणि गोड्या पाण्यातील माशांच्या डीएनए-क्रमांच्या, म्हणजे ए, टी, जी, सी या अक्षरांच्या ओळींच्या, दोनशे फायली मिळाल्या. तीन आठवडे झाले, मी फक्त त्या फायलींची नावे आणि मांडणी दुरुस्त करते आहे. शेजारी बसणारा मुलगा संगणकशास्त्राचा आहे. माझे दिवसभराचे काम तो दहा मिनिटांत करतो. हे खरे जीवशास्त्र आहे का, की माझी सुट्टी वाया चालली आहे?
(एक विद्यार्थिनी, धुळे जिल्हा)

उत्तर : तुमच्या पत्रातील "फक्त" या शब्दापासून सुरुवात करते, कारण तुमची सगळी खंत त्यात साठलेली आहे. दोनशे फायलींपैकी प्रत्येकीतील क्रम कोणत्या माशाचा आहे, तो मासा कोणत्या नदीतून आला, क्रम सरळ लिहिला आहे की उलट दिशेने, त्याच्या दोन्ही टोकांना यंत्राला नीट न वाचता आलेली अक्षरे किती आहेत, हे सगळे ठरवणे म्हणजे नमुना ओळखणे होय. संग्रहालयातील बाटलीवरची चिठ्ठी आणि आतला मासा यांचा मेळ बसतो का, हे पाहणारा प्राणिशास्त्रज्ञ जे काम करतो तेच तुम्ही करत आहात. ते कंटाळवाणे आहे हे मान्य, पण हे काम ज्याने नीट केले नाही त्याच्या पुढच्या कोणत्याही आलेखावर मी विश्वास ठेवणार नाही.

शेजारच्या मुलाविषयी आता थोडे सविस्तर लिहिते. माशांची ओळख पटवण्यासाठी सहसा सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वापरतात आणि त्याला डीएनए बारकोड म्हणतात; तुमच्या फायलीही बहुधा त्याच असाव्यात. या तुकड्याचे अमिनो आम्लांत रूपांतर करून पाहणे ही त्याची पहिली परीक्षा असते, कारण काम करणाऱ्या जनुकाच्या मधोमध "थांबा" असा संकेत येता कामा नये. आता अशी कल्पना करा की त्या मुलाने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि दोनशेच्या दोनशे क्रम एका झटक्यात तपासले. डीएनएच्या तीन-तीन अक्षरांचा अर्थ सांगणाऱ्या पाठ्यपुस्तकातील नेहमीच्या तक्त्यात टीजीए हा थांबण्याचा संकेत आहे, म्हणून त्याचा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक माशावर "सदोष" असा शिक्का मारील. प्रोग्राम अडणार नाही, तक्रार करणार नाही. परंतु सीओआय हे जनुक केंद्रकात नसून मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात) असते आणि पृष्ठवंशीय प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीएचा अर्थ "थांबा" असा नसतो. तेथे त्याच संकेतावर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जोडले जाते. हे त्या मुलाला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. तुम्हाला ते बी.एस्सी.च्या वर्गात शिकवले गेले आहे आणि बहुधा परीक्षेत दोन गुणांसाठी विचारलेही गेले आहे. योग्य तक्ता निवडल्यावरही एखाद्या क्रमात मध्येच थांबा आला, तर मग खरी शंका घ्यावी : वाचताना अक्षर चुकले असेल, किंवा मायटोकॉन्ड्रियातील जनुकाची केंद्रकात जाऊन पडलेली निकामी प्रत तुमच्या हाती लागली असेल. ही शंका घेणे हे तुमचे काम आहे. त्यासाठी तुम्ही त्या टेबलाशी बसल्या आहात.

माझाही एक अनुभव सांगते. मी विद्यार्थिनी असताना मला बेडकांच्या क्रमांवरून वंशवृक्ष काढायचा होता. मायक्रोहायला या प्रजातीतील ओर्नाटा आणि रुब्रा अशा दोन जातींचे अनेक नमुने त्यात होते. त्या काळी प्रचलित असलेल्या एका फाइल-रचनेत प्रत्येक नमुन्याच्या नावासाठी दहाच जागा असत आणि उरलेले नाव निमूटपणे कापले जाई. रोमन लिपीत "मायक्रोहायला" लिहिण्यास नऊ अक्षरे लागतात आणि त्यापुढची जोडरेघ धरली की बरोबर दहा होतात. म्हणजे माझ्या सर्व नमुन्यांचे नाव एकच झाले. मी मूळ यादी समोर ठेवली आणि वरून खाली त्याच क्रमाने नावे पुन्हा भरली. वृक्ष काढणाऱ्या प्रोग्रामने नमुन्यांचा क्रम बदललेला असेल हे माझ्या मनातही आले नाही. निघालेल्या वृक्षात ओर्नाटाचे काही नमुने रुब्राच्या फांदीवर जाऊन बसले. मला चार दिवस असे वाटत होते की मी काहीतरी नवे शोधले आहे. माझ्या मार्गदर्शकांनी पावसाळ्यातल्या कित्येक रात्री टॉर्च घेऊन शेताच्या बांधावर काढलेल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "या बेडकाला मी ओळखतो. त्याच्या पाठीवरची नक्षी निराळी आहे. तो तिथे बसणार नाही. आधी तुझी नावे तपास." त्यांना त्या प्रोग्रामचे काहीही ज्ञान नव्हते. चूक मात्र त्यांनीच पकडली.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी की एक जाड वही घ्या आणि प्रयोगवहीसारखीच ती रोज लिहा. कोणती फाइल कोठून घेतली, संग्रहातील तिचा क्रमांक काय, कोणत्या तारखेला, प्रोग्रामची कोणती आवृत्ती वापरली आणि काय बदलले, हे त्याच दिवशी लिहून काढा. मूळ फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना हात लावू नका. "फायनल", "नवी फायनल", "खरी फायनल" अशी नावे देऊ नका. नावात तारीख घाला. अनोळखी क्रमांवर कोणतीही पद्धत वापरण्याआधी ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे अशा पाच क्रमांवर ती चालवून पाहा. प्रयोगात आपण ज्याला कंट्रोल म्हणतो तेच हे.

राहिला प्रश्न खऱ्या जीवशास्त्राचा. चेताआवेग मज्जातंतूतून कसा जातो याचे गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली मांडले, तेव्हा हक्सली यांनी त्यातील आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर केली होती. प्रथिनांच्या साखळीला कोणते कोन घेता येतात हे दाखवणारी जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आकृती १९६३ साली मद्रासमध्ये तयार झाली. तिचा पाया भूमिती आणि आकडेमोड हाच होता, आणि आजही कोणत्याही प्रथिनाची रचना प्रसिद्ध करण्याआधी ती त्या आकृतीवर घासून पाहिली जाते. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ साली तोपर्यंत माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम एका पुस्तकात एकत्र केले. तुम्ही आज अमिनो आम्लांसाठी जी एकेक अक्षरे वापरता तीही त्यांचीच देणगी आहे. त्यांच्या कामातही तुमच्यासारखेच क्रम जुळवणे, तपासणे आणि नीट मांडणे होते.

शेजारच्या मुलाशी रोज अर्धा तास देवाणघेवाण करा. त्याच्याकडून नावे बदलण्याचा प्रोग्राम शिकून घ्या आणि त्याला कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचे हे संकेत, शिकवा.

प्रश्न : मॅडम, मी गेल्या वर्षी एम.एस्सी. झालो आणि यंदा एका ग्रामीण महाविद्यालयात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो. द्वितीय वर्षाच्या बायोइन्फर्मॅटिक्सच्या प्रात्यक्षिकाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. माझा या विषयातला अनुभव म्हणजे एम.एस्सी.चा सहा महिन्यांचा प्रकल्प, एवढाच. बॅचमध्ये २४ मुले आहेत, चालू स्थितीतले संगणक ५ आहेत आणि नेट कधी असते, कधी नसते. मी मुलांच्या जेमतेम दोन धडे पुढे आहे, हे त्यांच्या लक्षात येईल अशी धास्ती वाटते. प्रात्यक्षिक कसे घ्यावे?
(एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सर, दोन धडे पुढे असणे ही अडचण मानू नका. तुम्ही स्वतः कोठे अडखळला होता ते तुम्हाला अजून आठवते. वीस वर्षे शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ते मुद्दाम आठवावे लागते. मात्र एक चूक टाळा, जी मी माझ्या पहिल्या वर्षी केली. मी फळ्यावर प्रोग्राम लिहून दिला, मुलांनी तो उतरवून घेतला, कोणीही प्रश्न विचारला नाही आणि प्रात्यक्षिक उत्तम झाले असे समजून मी घरी गेले. जर्नल तपासायला आली तेव्हा दिसले की घाईत मी एक अक्षर चुकवले होते आणि ती चूक सर्वच्या सर्व जर्नलांमध्ये जशीच्या तशी उतरली होती. खाली उत्तर मात्र प्रत्येकाने बरोबर लिहिले होते, म्हणजे ते पुस्तकातून घेतले होते. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते. कळ दाबण्याआधी पडद्यावर काय दिसेल ते प्रत्येकाने वहीत लिहायचे आणि मगच कळ दाबायची.

या नियमामुळे तुमचे पाच संगणकही पुरतील. पाच-पाच जणांचा गट करा. एक जण टंकलेखन करील, एक जण काय दिसेल ते सांगेल, एक जण नोंद ठेवील आणि बाकीचे कागदावर तेच हाताने करून पाहतील. दर वीस मिनिटांनी जागा बदला, म्हणजे एकच हुशार मुलगा दोन तास कीबोर्ड अडवून बसणार नाही. नेटवर अवलंबून राहू नका. लागणाऱ्या फायली आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घ्या. ई. कोलाय या जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे ४६ लाख अक्षरांचा आहे, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राएवढी ती फाइल असते.

पहिले प्रात्यक्षिक तर संगणकाशिवायच घ्या. दोन क्रम एकमेकांशी जुळवणे, ज्याला आपण अलाइनमेंट म्हणतो, ते मी गावांच्या नावांवरून शिकवते. तुमच्या बाजूचीच नावे घेऊ : शिरपूर आणि श्रीरामपूर. फळ्यावर एकाखाली एक लिहा : शि, र, पू, र आणि खाली श्री, रा, म, पू, र. अक्षर जुळले तर अधिक एक, न जुळले तर उणे एक, आणि मध्ये रिकामी जागा सोडावी लागली तर उणे दोन गुण द्यायचे. नावे डावीकडून सरळ लावली आणि रिकामी जागा शेवटी सोडली, तर एकही अक्षर जुळत नाही आणि गुण उणे सहा होतात. "म"च्या समोर रिकामी जागा सोडली तर शेवटचे "पूर" जुळते आणि गुण उणे दोनवर येतात. इतके झाले की वर्गातून कोणीतरी हटकून म्हणतो, "पण सर, र आणि रा हे काही अगदीच वेगळे नाहीत." त्या क्षणाची वाट पाहा. "शि" आणि "श्री", "र" आणि "रा" यांना उणे एकऐवजी शून्य दिले तर एकूण गुण शून्य होतात. प्रथिनांतही असेच असते. ॲस्पार्टिक आम्ल आणि ग्लुटामिक आम्ल एकमेकांच्या जवळचे आहेत, म्हणून एकाच्या जागी दुसरे आले तर दंड थोडा असतो. असा दंडाचा तक्ता डेहॉफ यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला आणि सर्वोत्तम जुळणी चौकटी भरत शोधण्याची रीत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० सालीच दिली होती. मुलांना चौकटीच्या वहीत ती रीत एकदा हाताने भरू द्या. तास पूर्ण जाईल, पण पुढे ब्लास्ट या सारखे क्रम शोधणाऱ्या प्रोग्रामच्या निकालातील गुण त्यांना नुसते आकडे वाटणार नाहीत.

दुसऱ्या प्रात्यक्षिकासाठी हिमोग्लोबिनची बीटा साखळी घ्या. तुमच्या जिल्ह्यात सिकलसेल (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) हा शब्द पाठ्यपुस्तकातून आलेला नाही, तो घराघरांत माहीत आहे. या आजाराच्या निर्मूलनासाठीचे राष्ट्रीय अभियानही २०२३ साली सुरू झाले आहे. या आजारात साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, हा बदल इन्ग्राम यांनी १९५७ साली दाखवला. फायलीतील क्रम अवघा १४७ अक्षरांचा आहे आणि त्याची सुरुवात अशी होते : एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई, के. ई म्हणजे ग्लुटामिक आम्ल, पी म्हणजे प्रोलीन. आता मुलांना विचारा, सहावे अक्षर कोणते?

बोटाने मोजले तर सहावे अक्षर पी येते आणि पुस्तक तर ग्लुटामिक आम्ल म्हणते. वर्गात गलका होईल, होऊ द्या. कारण असे की साखळी तयार होत असतानाच सुरुवातीचे एम, म्हणजे मेथिओनीन, छाटले जाते आणि जुनी मोजणी त्यानंतरच्या अक्षरापासून होत असे. आजच्या जनुकीय अहवालांत मेथिओनीनसह मोजतात, म्हणून तेथे हाच बदल सातव्या जागी लिहिलेला असतो. मग पायथन या संगणकभाषेत सहा क्रमांकाचे अक्षर मागायला सांगा. उत्तर ई येते. मुले खूश होतात, पण पायथन शून्यापासून मोजते आणि फायलीत मेथिओनीन आहे. दोन घोळांनी एकमेकांना खोडल्यामुळे उत्तर बरोबर आले आहे. एखादी चौकस मुलगी म्हणेल की आधी मेथिओनीन काढून टाकू आणि मग सहा क्रमांक मागू. तेव्हाही उत्तर ईच येते, परंतु आता तो शेजारचा, सातव्या जागेचा ई आहे. इतकेच काय, डीएनएत पाहिले तरी दोन्ही जागी जीएजी हाच संकेत आहे. म्हणजे अक्षर बरोबर, जागा चुकीची आणि पडद्यावर काहीही खटकणारे नाही. हे पकडायचे असेल तर एकटे अक्षर मागू नये, त्याचे शेजारीही मागावेत. आपल्याला हव्या असलेल्या ईच्या आधी पी आणि नंतर ई असला पाहिजे. आधी ई आणि नंतर के दिसला तर आपण एक घर पुढे गेलो आहोत. हे प्रात्यक्षिक मी अनेक वर्षे घेते आहे आणि दर वर्षी एम.एस्सी.च्या मुलांचीही यात चूक होते.

एक पथ्य मात्र पाळा. वर्गात कोणाला सिकलसेल आहे किंवा कोणाच्या घरी आहे, हे विचारू नका आणि कोणी बोलू लागले तर ते वर्गासमोर वाढवू नका. उदाहरण हिमोग्लोबिनचे असावे, मुलाचे नव्हे. कोणी नंतर एकटे येऊन विचारले तर जवळच्या सरकारी रुग्णालयातील तपासणीची माहिती द्या.

आणि उत्तर येत नसेल तेव्हा "मला माहीत नाही, पुढच्या तासाला पाहून सांगतो" असे म्हणा आणि पुढच्या तासाला न विसरता सांगा. मुलांचा विश्वास त्या दुसऱ्या वाक्यावर बसतो.

प्रश्न : माझी मुलगी वनस्पतिशास्त्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला संगणकावरच्या जीवशास्त्राची गोडी लागली आहे. महागडा लॅपटॉप आणि एका खाजगी वर्गाचे प्रमाणपत्र, असा मोठा खर्च तिने सांगितला आहे. तो करावा का? पुढे नोकरी मिळेल का?
(एक पालक, लातूर)

उत्तर : महागडा लॅपटॉप लागत नाही. ८ जीबी मेमरीचा साधा, वापरलेला लॅपटॉपही सुरुवातीला पुरतो, कारण मोठी कामे संस्थेच्या संगणकावर किंवा गॅलेक्सीसारख्या इंटरनेटवरील विनामूल्य व्यवस्थेवर करता येतात. पायथन आणि आर या दोन्ही भाषा फुकट आहेत. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पात अशा अनेक विषयांचे धडे मराठीतूनही मिळतात. प्रमाणपत्रापेक्षा तिने स्वतः पूर्ण केलेले एक छोटे काम आणि त्याची नीट वही मुलाखतीत अधिक उपयोगी पडते. पैसे खर्च करायचेच असतील तर संख्याशास्त्राच्या चांगल्या पुस्तकांवर करा, कारण आमच्या विद्यार्थ्यांचा पाय बहुतेक वेळा तेथेच घसरतो. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी तिने अवश्य अर्ज करावा. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. संशोधन संस्था, जनुकीय तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळा, बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्या येथे अशी माणसे घेतली जातात, मात्र बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण आणि प्रत्यक्ष केलेले काम पाहतात.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी आहे. मला प्रोग्राम लिहिता येत नाही, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला सांगितले की तो लगेच लिहून देतो आणि तो चालतोही. मग शिकायचे कशाला, असे वर्गातल्या मुली म्हणतात. मला मात्र ते मनातून पटत नाही. आपले मत काय?
(एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या मनाला जे पटत नाही त्याला कारण आहे, आणि ते एका उदाहरणाने सांगते. समजा, मानवी जीनोममध्ये जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण किती आहे, हे मोजणारा प्रोग्राम तुम्ही लिहून घेतला. प्रोग्राम चालला आणि उत्तर सुमारे २० टक्के आले. चूक दाखवणारी एकही ओळ पडद्यावर आली नाही. आता हे उत्तर बरोबर की चूक, ते कोण सांगणार? ज्याला माहीत आहे की हे प्रमाण सुमारे ४१ टक्के असते, त्यालाच ते खटकेल. झाले असे की जीनोमच्या फायलींमध्ये पुन:पुन्हा येणारे भाग अनेकदा छोट्या लिपीतल्या (स्मॉल) अक्षरांत लिहिलेले असतात आणि मानवी जीनोमचा जवळजवळ निम्मा भाग तसा असतो. प्रोग्रामने मोठ्या लिपीतले (कॅपिटल) जी आणि सी तेवढे मोजले आणि भागाकार मात्र एकूण लांबीने केला. प्रोग्राम सांगितल्याबरहुकूम वागला.

त्यामुळे चॅटबॉटची मदत घ्यायला माझी हरकत नाही. मी स्वतःही घेते. अट एवढीच की तो प्रोग्राम आधी वीस अक्षरांच्या, स्वतः तयार केलेल्या क्रमावर चालवा आणि तेच उत्तर हाताने काढून ताडून पाहा. त्या वीस अक्षरांत एक-दोन छोट्या लिपीतली घाला आणि न वाचता आलेल्या जागेसाठी वापरतात ते एनही घाला. प्रोग्रामची प्रत्येक ओळ काय करते ते मैत्रिणीला समजावून सांगता आले पाहिजे. जी ओळ सांगता आली नाही ती प्रबंधात जाता कामा नये. रुग्णांची माहिती किंवा मार्गदर्शकांचे अप्रकाशित क्रम मात्र अशा बाहेरच्या सेवेत कधीही टाकू नका, कारण ती माहिती देण्याचा अधिकार तुमचा नाही.

पहिले सहा महिने मात्र स्वतः लिहा. हळू लिहा, चुका, पण स्वतः लिहा. सूक्ष्मदर्शक कसा जुळवायचा हे ज्याने स्वतः केले आहे, त्यालाच काचेवरचा डाग आणि पेशी यांतला फरक कळतो.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.चा प्रकल्प गेल्या आठवड्यात सादर केला. कर्करोगाशी संबंधित मानवी जनुकांची यादी त्यात होती. काल सहज फाइल उघडली तर काही जनुकांच्या नावांच्या जागी तारखा दिसल्या. मार्गदर्शकांना सांगितले तर गुण जातील आणि त्यांचा विश्वासही जाईल, या भीतीने रात्रभर झोप लागली नाही. सांगावे का?
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सांगावे, आणि हे उत्तर वाचाल त्याच दिवशी सांगावे. तुमच्या हातून झालेली चूक जगभरातल्या नामवंत संशोधकांच्या हातूनही झालेली आहे. रोमन लिपीत "सेप्ट-दोन" किंवा "मार्च-एक" अशी नावे असलेल्या जनुकांना एक्सेल सप्टेंबर आणि मार्च समजते आणि त्यांच्या तारखा करून टाकते. एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले होते. अखेर मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० साली जनुकांचीच नावे बदलली. सेप्टचे सेप्टिन झाले आणि मार्चच्या शेवटी एक एफ लागला. तेव्हा स्वतःला इतके बोल लावू नका.

मार्गदर्शकांकडे जाताना तोंडी माफीच्या जोडीला एक पानाची नोंद घेऊन जा. काय बिघडले, ते कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या तारखेच्या फायलीत बिघडले, किती जनुकांवर परिणाम झाला, त्यामुळे कोणता तक्ता आणि कोणता आकडा बदलतो आणि कोणता निष्कर्ष तसाच राहतो, हे त्यात लिहा. जुनी आणि दुरुस्त केलेली अशा दोन्ही याद्या सोबत जोडा. मी स्वतः परीक्षक म्हणून बसते तेव्हा अशी नोंद घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याविषयी माझे मत चांगलेच होते, आणि अनेक परीक्षकांचे तसेच होते, हे मी जवळून पाहिले आहे. गुण गेले तर थोडे जातील, ते जाऊ द्या.

दुरुस्ती करताना एक सावधगिरी बाळगा. तारखेवरून मूळ नाव ओळखून ते हाताने पुन्हा लिहू नका, कारण "मार्च-एक" आणि "मार्क-एक" या दोन वेगवेगळ्या जनुकांची रोमन लिपीतील जुनी नावे एक्सेलमध्ये १ मार्च या एकाच तारखेत बदलतात आणि त्या तारखेवरून मागे जाण्याचा रस्ता नसतो. जेथून यादी प्रथम उतरवून घेतली होती त्या मूळ फायलीकडे जा, एक्सेलमध्ये ती उघडताना नावांचा स्तंभ "मजकूर" म्हणून निवडा आणि आधी व नंतरची जनुकांची एकूण संख्या ताडून पाहा.